फूटस्टेपवरचा कर घटला; पण थार-बोलेरोला लावायचा कोणता?

न्हावा शेवा : थार, स्कॉर्पिओ, बोलेरो... न्हावा, शेवा, जासई, चिर्ले पट्ट्यात अशी उंच गाडी दारात आली की घरात पहिला प्रश्न निघतो, आजी चढणार कशी? मग फूटस्टेपची शोधाशोध सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला. आधी बऱ्याच भागांना २८ टक्के होता. अर्थात पक्कं बिल मागितलं तरच हा फरक कळणार.

दुकानात हात आधी जातो तो चकचकीत गोल पाइपकडे. दिसायला भारी, पण पावसाळ्यात ओल्या चपलेचा पाय त्यावरूनच सटकतो. म्हाताऱ्या माणसाला पाऊल पूर्ण टेकेल अशी रुंद, खाचांच्या रबराची पट्टी लागते. पट्टी किती खाली येते तेही बघावं. थारच्या पोटाखाली कंपनीच्या आकड्यानुसार २२६ मिमी मोकळी जागा आहे. फूटस्टेप फार खाली लोंबला तर बांधावर, खडीच्या ढिगावर आधी तोच घासणार.

उरणचा खरा शत्रू मात्र गंज. एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र, त्यात कंटेनर ट्रेलरच्या चाकांतून उडणारी खडी. साध्या लोखंडावरच्या काळ्या पावडर कोटिंगचा एक टवका उडाला की खारी हवा तिथूनच आत शिरते. पाइपची तोंडं बंद आणि पाणी निघायला भोक नसेल तर तो आतून सडतो, वरून पत्ता लागत नाही. स्टील घ्यायचं तर ३०४ ग्रेड बिलावर लिहून घ्यावी. स्वस्तातलं २०२ दिसतं तसंच, पण लवकर डागाळतं. बटणावर उघडणारा मोटरचा फूटस्टेप चिखल-खाऱ्या पाण्याच्या रस्त्यावर न घेतलेलाच बरा.

बसवताना तो चॅसीला धरतोय की नुसत्या पत्र्याला, हे खाली वाकून बघायचं. कंपनीने दिलेल्या भोकांत नट-बोल्टने बसणारा घ्यावा. ब्रॅकेट किती आहेत ते मोजावं, टोकावर जाड माणूस उभा करावा. पट्टी वाकली तर पैसे द्यायचे नाहीत! जॅक लावायची जागा झाकली जात नाही ना, हेही तिथेच तपासावं. नाहीतर पंक्चर झाल्यावर करळ फाट्यावर कळणार. दगडावर गाडीचा भार पेलणारा रॉक स्लायडर ही वेगळी वस्तू आहे. साधा फूटस्टेप ‘ऑफ-रोड’ म्हणून गळ्यात मारला तर फसू नये.

वेल्डिंगवाल्याकडून चॅसीला पाइप जोडून घेणं स्वस्त पडतं. पण तिथे गाठ कायद्याशी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे. बोल्टने बसणारी, आरशांच्या रुंदीच्या आत राहणारी पायरी आणि चॅसी जाळून केलेलं जोडकाम यांत फरक आहेच. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा त्याची नजरही आधी त्या वेल्डिंगवर जाते.