परक्या लेकाला नवं कापड



जिंतूर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, त्या दिवशी विहारात बायांची बैठक झाली. सीमेवरच्या जवानांसाठी थंडीच्या आत वाकळी शिवून पाठवाव्यात, असे ठरत होते. घरोघरी जुनेरे आहेत. कापूस वेचून आल्यावर रात्री तासभर बसले तरी होईल. तेवढ्यात एक आजी उठल्या. "जुनेर कुणाला देऊ नका गं. आपुन लई नेसली लोकाची जुनेरं." बैठक तिथेच थांबली. ताई, आता तुम्हीच सांगा, असे भगिनी लिहितात. त्यांचा स्वतःचा मुलगाही फौजेत आहे.

आजींचे मला पटले. राबवून घ्यायचे आणि वर उतरलेले लुगडे द्यायचे. मयतावरचे कापडसुद्धा आपल्याच वाट्याला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना नेसण्याची रीत बदला, स्वच्छ राहा असे सांगितले, ते उगीच नव्हे.

मग वाकळ वाईट का? मुळीच नाही. भगवंतांचे भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन, जोडून चीवर करीत. मगधातली बांधाबांधांची शेते पाहून आनंदाने चीवराचे तुकडे तसे जोडले, असे विनयात आहे. पण भिक्खूने ती चिंधी आपण होऊन उचलली होती. त्याच्या अंगावर ती कुणी फेकली नव्हती. आईच्या लुगड्याची वाकळ लेकाने पांघरली तर ती माया. ज्याला आपण ओळखत नाही, त्याला मात्र नवेच द्यावे.

१९६२ च्या चीन युद्धात ठिकठिकाणी बायांनी जवानांसाठी स्वेटर विणले. आपल्या कापसाच्या मुलखात लोकर कोण विणणार? आणि बर्फातले कपडे आता लष्करच देते. वाकळ जड, भिजली तर लवकर वाळत नाही. त्यापेक्षा सुईदोऱ्याची पिशवी शिवा. इंग्रजांच्या फौजेत शिपायाजवळ अशी पिशवी असे. तिचे नाव काय, तर 'हाउसवाइफ'! म्हणजे घरधनीण. गुंडी तुटली, पायमोजा उसवला, तर तिथे कोण शिवून देणार?

गडद रंगाचे नवे सुती कापड घ्या. पट्टी वीतभर रुंद, हातभर लांब. मीटरभरात आठ सहज निघतात. कडा दुमडून धावदोरा घाला, खालचा भाग वर मुडपून कप्पा करा, वरच्या बाजूला फलालीनचा तुकडा टाका. सुया त्यातच टोचायच्या, सुट्या ठेवायच्या नाहीत. काळा, पांढरा, खाकी दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळा. चार गुंड्या, दोन सेफ्टी पिना. गुंडाळी करून नाडीने बांधा. पाठवण्याआधी परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा: कुठे द्यायच्या, किती लागतील. न विचारता गठ्ठा पाठवला तर तो कुठेतरी पडून राहतो.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. तेव्हापासून आपल्या किती घरांतून लोखंडी ट्रंका निघाल्या! त्या घरांतल्या बायांना या कामाचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनी, तुमच्या मुलासाठी वाकळ जरूर शिवा. सुट्टीवर आला की घरी पांघरेल. वरचा थर तुमच्याच लुगड्याचा असू द्या.

पहिली पिशवी आजींच्या हातून होऊ द्या. सुईत दोरा नातीने ओवून द्यावा.