छातीचा एक्स-रे नॉर्मल, मग दम का लागतो?

कोरोनाच्या २०२०-२१ च्या काळात आपल्या घराघरांत एक शब्द आला : एचआरसीटीचा स्कोअर. पंचवीसपैकी किती आले, हे बोर्डाच्या मार्कांसारखे विचारले जायचे. तेव्हापासून खोकला महिनाभर राहिला की घरातले कोणीतरी म्हणतेच, "एकदा सीटी काढून घेऊ." आता मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतून 'ड्युअल एनर्जी सीटी' हे नवे नाव कानावर येते. ही तपासणी काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे आज पाहू.

सीटी स्कॅन म्हणजे एक्स-रेच्या साहाय्याने शरीराचे काप पाडून पाहणे. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला. १९७९ साली त्यांना आणि कॉर्मॅक यांना नोबेल मिळाले. साध्या सीटीत एकाच ताकदीचे किरण वापरतात. ड्युअल एनर्जीमध्ये दोन ताकदींचे, बहुधा ८० आणि १४० किलोव्होल्टचे. कापडाच्या दुकानात ट्यूबलाइटखाली दोन रंग सारखेच दिसतात, म्हणून आपल्या बायका कापड बाहेर उन्हात नेऊन पाहतात. तसेच हे आहे. एका किरणात सारखे दिसणारे दोन पदार्थ दुसऱ्या किरणात वेगळे ओळखू येतात.

शिरेतून दिलेले आयोडीनचे औषध या पद्धतीने नेमके ओळखता येते. ते रक्ताबरोबर फिरते. म्हणून फुप्फुसाच्या कोणत्या भागात रक्त पोहोचले आणि कोणत्या भागात नाही, याचा रंगीत नकाशाच तयार होतो.

आपल्या माळशिरस तालुक्यातल्या वाचकांना हे नीरा उजव्या कालव्यावरून पटकन कळेल. पाट कुठे तुंबला ते पाहणे ही एक गोष्ट, आणि त्यामुळे उसाचा कोणता तुकडा कोरडा पडला ते पाहणे ही दुसरी. साधी सीटी अँजिओग्राफी मुख्यतः तुंबलेला पाट दाखवते. ड्युअल एनर्जी त्यासोबत कोरडा तुकडाही दाखवते. बारीक नळ्यांतली गाठ सुटून जाऊ नये, यासाठी हा नकाशा उपयोगी पडतो.

ही गाठ येते कुठून? पुष्कळदा पायाच्या शिरेतून. ऑपरेशन, बाळंतपण, बराच काळ अंथरुणाला खिळणे किंवा लांबचा प्रवास यांनंतर पोटरीत रक्त गोठते आणि सुटून फुप्फुसात अडकते. अशा माणसाचा छातीचा एक्स-रे पुष्कळदा नॉर्मल येतो. घरचे म्हणतात, "दादीमाँ दमल्या असतील." उमराहला जाणाऱ्यांचा अकलूज ते मुंबई रस्ता आणि पुढे जेद्दाहचे विमान, असा बसून प्रवास फार होतो. मधून मधून उठून चालावे, पाय हलवत राहावे. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, थुंकीत रक्त, एकाच पायाला सूज, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. १०८ ला फोन करा. अशा वेळी ड्युअल एनर्जी मशीन शोधत पुण्या-मुंबईला धावायची गरज नाही. साध्या सीटी अँजिओग्राफीवरही निदान होते, आणि इलाज लवकर सुरू होणे अधिक महत्त्वाचे. महिनोन् महिने न विरघळलेल्या जुन्या गाठी शोधताना मात्र नव्या पद्धतीची खरी मदत होते.

फुप्फुसातल्या डागाने आयोडीन किती घेतले, यावरून डॉक्टरांना काही अंदाज येतो. पण कॅन्सर आहे की नाही, हे तुकडा काढून तपासल्यावरच ठरते. टीबीचे निदान थुंकीच्या तपासणीने होते, ती सरकारी दवाखान्यात मोफत आहे. चुलीच्या धुरापुढे आयुष्य गेलेल्या नानींचा दमा बहुधा नळीत फुंकून करायच्या तपासणीत कळतो. महागडे मशीन या साध्या तपासण्यांची जागा घेत नाही. न्यूमोनिया किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजारातही नकाशावर कोरडे भाग दिसतात, म्हणून तो वाचायला जाणकार लागतो.

आता खर्चाचे आणि काळजीचे. सीटीचे किरण साध्या एक्स-रेच्या कित्येक पट असतात. आयोडीनची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेहाची गोळी किंवा गर्भारपण असेल तर ते आधीच सांगा. कर्ज काढून सीटी करण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न अदबीने विचारा : या तपासणीतून काय शोधायचे आहे? साध्या तपासणीने ते कळणार नाही का? आणि रिपोर्ट आल्यावर इलाज बदलणार आहे का? चांगले डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाहीत. उत्तर "हो, बदलणार आहे" असे आले, तर मात्र पैशाकडे पाहून उशीर करू नका. सरकारी योजनेत बसते का, हे रुग्णालयातच विचारून घ्या.