स्टीगल्स कामचुकार नव्हते
1943 साली बरेच खेळाडू सैन्यात गेल्याने पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया हे अमेरिकन फुटबॉलचे दोन व्यावसायिक संघ एकत्र येऊन ‘स्टीगल्स’ म्हणून खेळले. मागे उरलेल्या या खेळाडूंना कामचुकार म्हणणे हा घोर अन्याय आहे. ते दिवसा युद्धसामग्रीच्या कारखान्यांत राबत, संध्याकाळी सराव करत. टोनी बोव्हा एका डोळ्याने आंधळा होता, तरी पास झेलत होता. जॅक हिंकलला अल्सरने ग्रासले होते. मैदानात धडका घेणारा रणांगणावर का जात नाही, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण खंदकात पथ्याचे जेवण आणि रोजचे औषध कुठून मिळणार? उलट सैन्यात गेलेला, न्यूयॉर्क जायंट्स या दुसऱ्या संघाचा खेळाडू अल ब्लोझिस जानेवारी 1945मध्ये फ्रान्समध्ये लढताना मारला गेला. त्याचे बलिदान मोठेच. पण म्हणून स्टीगल्स लहान ठरत नाहीत. त्यांनी दहापैकी पाच सामने जिंकले, चार गमावले, एक बरोबरीत सोडवला.