वावरातला जागल्या

काटोलची संत्री तुम्ही खाल्लीच असतील. पण तिथल्या वावरात रात्री जागल करणारा कुत्रा पाहिलाय? रानडुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला, की एका रात्रीत पिकाची वाट लागते. मग कुत्रा कसा निवडायचा? धिप्पाड नव्हे, सावध! वास येताच लांबूनच भुंकणारा आणि हाक मारली की नाल्यातूनही परत फिरणारा. अंगावर धावून जाणारा शूर खरा, पण नर डुकराचे सुळे सुरीसारखे असतात. एका झटक्यात कुत्र्याचं पोट फाडतात. तेव्हा कुत्रा डुकरावर सोडायचा नाही, बरं का! शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं विनापरवाना शिकार हा गुन्हाच. नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते. आणि हो, तुमच्या कुत्र्याला रेबीजची लस टोचलीय ना? आजच बाबांना विचारा.