घरावरची राख

1973 साली 23 जानेवारीला, पहाटे दोनच्या सुमारास आइसलँडच्या हेमाए बेटावर गावाच्या पूर्व कडेला जमीन फाटली आणि दीड किलोमीटरच्या भेगेतून आग उसळू लागली. शेवटची घरे तिथून हाकेच्या अंतरावर होती. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी समुद्रावर न जाता बंदरात थांबल्या होत्या, हे केवढे नशीब! सुमारे 5,300 माणसांपैकी बहुतेक जण त्याच बोटींतून काही तासांत मुख्य भूमीकडे निघाले.

हेमाए म्हणजे घराचे बेट.

अशा वेळी दूर बसलेले लोक हमखास विचारतात, ही माणसे मुळात तिथे राहतातच कशाला? हा प्रश्न आम्हाला नेहमीच निष्ठुर वाटत आला आहे. आइसलँडच्या त्या किनाऱ्यावर चांगले नैसर्गिक बंदर विरळा. हेमाएला ते होते आणि त्या बंदरावर पिढ्यान् पिढ्या चुली पेटल्या होत्या. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही कधीकाळी वाहत आलेला लाव्हाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थंड झाला म्हणून आपण त्यावर निर्धास्त घरे बांधतो, एवढाच फरक.

बायकामुले, म्हातारीकोतारी बाहेर पडली, तरी काहीशे माणसे मागे राहिली. छपरे राखेच्या ओझ्याने खचू नयेत म्हणून ती फावड्यांनी राख लोटत होती, खिडक्यांवर पत्रे ठोकत होती. लाव्हा बंदराचे तोंड बुजवू लागला, तेव्हा त्यावर समुद्राचे पाणी मारून तो थिजवण्याचा घाट घातला गेला. अनेकांना हा वेडेपणा वाटला. महिनोन् महिने पंप चालले. जुलैच्या सुरुवातीला उद्रेक थांबला, तेव्हा सुमारे 400 घरे गेली होती, विषारी वायूने एक जीव गेला होता. बंदर मात्र शाबूत होते, उलट नव्या लाव्ह्याच्या आडोशाने पूर्वीपेक्षा सुरक्षित झाले होते. बंदर राहिले म्हणून माणसे परतली. दोन-तीन वर्षांत बहुतांश गाव पुन्हा भरले. उपसलेली राख धावपट्टीच्या भरावाला गेली आणि ज्या लाव्ह्याने घरे गिळली, त्याच्याच धगीवर पुढे कित्येक वर्षे उरलेली घरे ऊबदार राहिली.

हेमाएची ही कथा ग्रिंडाविकच्या लोकांना ऐकवून धीर देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. त्याच देशातले हे मच्छीमार गाव ज्वालामुखीच्या धोक्यामुळे 10 नोव्हेंबर 2023च्या रात्री रिकामे झाले. सुमारे 3,800 माणसे निघाली. नंतर घरी जाऊन यायला मोजका वेळ मिळाला. त्यात कोणी मांजर आणले, कोणी फोटो. जानेवारी 2024मध्ये लाव्हा गावात शिरला आणि घरे जळाली. पण तिथला खरा शत्रू पायाखालचा आहे. गावाखालची जमीनच भेगाळली आहे. त्या भेगा बुजवताना एक कामगार भेगेत पडून गेला. अशा जागी नुसत्या हिमतीवर परत या, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

सरकारने घरे विकत घेण्याचा मार्ग खुला केला, हे योग्यच झाले. मात्र भिंतींची किंमत चुकती झाली की गावाचा हिशेब मिटला, असे सरकारदरबारी कोणी समजू नये. तिथली कोणती वाट पावसात निसरडी होते, कोणत्या घरात एकटी म्हातारी राहते, हे ज्यांना ठाऊक आहे, तेच संकटाच्या रात्री गाव रिकामे करतात. हेमाएत तेच झाले. ग्रिंडाविकचे पुढे काय करायचे, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती भूगर्भशास्त्रज्ञांना जसा मान आहे, तसाच तिथून निघालेल्या मच्छीमारांनाही हवा. जागा धोक्याची ठरली तर ती सोडण्याचा निर्णयही त्यांच्याच तोंडून यायला हवा.