एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी दोन ‘महाराष्ट्र केसरी’: पैलवान हौशी की व्यावसायिक?

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीपासून अहिल्यानगर शहरातलं वाडिया पार्क साधारण ४० किलोमीटरवर आहे. २ फेब्रुवारी २०२५ ला तिथे पृथ्वीराज मोहोळ ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. त्यानंतर दोन महिने पूर्ण व्हायच्या आत, ३० मार्चला गुढीपाडव्याच्या दिवशी, याच जिल्ह्यातल्या कर्जतमध्ये सोलापूरचा वेताळ शेळके ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. एक जिल्हा, एक वर्ष, किताब एक आणि मानकरी दोन.

खरा कोण, यावर पारावर हवा तेवढा वाद घालता येतो. पण या वादाच्या मागे एक अधिक अवघड प्रश्न आहे. महाराष्ट्रातला पैलवान नेमका कोण असतो? देशासाठी खेळणारा हौशी खेळाडू, की कुस्तीवर पोट भरणारा व्यावसायिक?

बॉक्सिंगमध्ये ही रेषा स्पष्ट आहे. आयर्लंडची केटी टेलर हे त्याचं चांगलं उदाहरण. २००१ मध्ये डब्लिनला महिलांची पहिली अधिकृत लढत झाली, तेव्हा १५ वर्षांची केटी त्या रिंगणात होती. २००६ मध्ये दिल्लीत तिने पहिलं जागतिक सुवर्ण जिंकलं. याच स्पर्धेत आपल्या मेरी कोमनेही सुवर्ण मिळवलं होतं. त्यानंतर केटीने सलग आणखी चार जागतिक सुवर्णपदकं घेतली. महिला बॉक्सिंगला ऑलिंपिकचं दार २०१२ मध्ये लंडनला उघडलं आणि तिथेही ती सुवर्ण घेऊन परतली. हा सगळा प्रवास हौशी बॉक्सिंगमधला. संघटना निवड करणार, खेळाडू देशासाठी उतरणार आणि लढतीचं मानधन नाही.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती उपांत्यपूर्व फेरीतच हरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्यावसायिक झाली. आता निवड समिती नाही, तर प्रमोटर. प्रतिस्पर्धी ठरतो करारातून. महिलांच्या हौशी लढती तेव्हा चार फेऱ्यांच्या असत, इथे किताबाची लढत दहा फेऱ्यांची. एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती अमांडा सेरानोशी लढली. त्या लढतीसाठी दोघींना प्रत्येकी दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाल्याच्या बातम्या होत्या.

भारतात हा रस्ता धरणारं मोठं नाव विजेंदर सिंग. बीजिंगमध्ये २००८ साली कांस्य जिंकणारा विजेंदर हरियाणा पोलिसांत अधिकारी होता. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला, तेव्हा सरकारी नोकरीत राहून हे कसं चालेल, यावरून मोठा वाद झाला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीला त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवलं. मार्च २०२१ मध्ये पणजीत, मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर, त्याचा पहिला व्यावसायिक पराभव झाला.

आता नगरकडे परत येऊ. इथे ही रेषाच नाही, आणि गोम तिथेच आहे.

गावची यात्रा म्हटली की शेवटी कुस्त्यांचा हगामा आलाच. सुरुवात पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीने होते. मग हलगीच्या कडकडाटात इनामाचे आकडे चढत जातात आणि शेवटच्या मानाच्या कुस्तीसाठी बाहेरून नावाजलेली जोड आणलेली असते. गाव वर्गणी काढतं, जोड ठरवतं आणि निकाली कुस्ती झाली की रोख इनाम देतं. करार आणि प्रमोटर हे शब्द सोडले, तर याला व्यावसायिक खेळच म्हणायचं. दूध, तूप, बदाम असा रोजचा खुराक भागवायला पैलवानाला हाच पैसा लागतो.

तोच पैलवान जिल्हा आणि राज्य स्पर्धेत उतरला की हौशी ठरतो. त्याला संघटनेची मान्यता लागते, तिचे पंच मान्य करावे लागतात, तिने घातलेली बंदीही भोगावी लागते. या दोन जगांना जोडणारा पूल म्हणजे ‘महाराष्ट्र केसरी’. या किताबावर चांदीची गदा मिळते, हल्ली गाडीही मिळते. मोहोळला थार मिळाली. पण किताबाची खरी किंमत नंतर कळते, कारण नावापुढे ‘केसरी’ लागलं की हगाम्यातला भाव बदलतो. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या तीन-तीन वेळच्या विजेत्यांना तर पोलीस दलात उपअधीक्षकपद मिळालं.

(इथे एक विसंगतीही आहे. किताबाची लढत फक्त वजनदार गटाची असते. राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ मध्ये ६१ किलो गटात जागतिक कांस्य जिंकलं. पण या वजनात ‘महाराष्ट्र केसरी’ होण्याची सोयच नाही.)

हा किताब दुभंगला तो संघटनेच्या भांडणात. शरद पवार दीर्घकाळ अध्यक्ष असलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद भारतीय कुस्ती महासंघाने २०२२ मध्ये बरखास्त केली आणि रामदास तडस यांच्या नेतृत्वाखालचा कुस्तीगीर संघ उभा राहिला. वाडिया पार्कची स्पर्धा या संघाची होती, आमदार संग्राम जगताप आयोजक होते. कर्जतची परिषदेची, त्यात आमदार रोहित पवार पुढे होते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्येही हेच घडलं होतं. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं आणि काही दिवसांतच धाराशिवच्या स्पर्धेत राक्षेच महाराष्ट्र केसरी ठरला.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तर चार संघटना आणि चार पट्टे आहेत, म्हणजे गोंधळ तिथेही आहे. पण चारही पट्टे एकाच लढतीत पणाला लावता येतात. जून २०१९ मध्ये डेल्फिन पर्सूनला हरवून केटीने ते एकत्र केले. कारण अशा लढतीत प्रमोटरला पैसा दिसतो. मोहोळ आणि शेळके यांना समोरासमोर आणून एकच केसरी ठरवायचा, तर तसा नियम कोणत्या संघटनेकडे आहे?

दुसरी बाजू शिक्षेची. वाडिया पार्कवर गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत राक्षेला चीतपट घोषित करण्यात आलं. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असं त्याचं म्हणणं होतं. संतापात त्याने पंचांना लाथ मारली. अंतिम लढत अर्धवट सोडणाऱ्या महेंद्र गायकवाडसह त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचांवर लाथ उगारण्याचं समर्थन कोणीच करू नये. पण ऐन भरात तीन वर्षं म्हणजे पैलवानाच्या उमेदीचा मोठा तुकडा. केटीसारखा बॉक्सर हौशी संघटनेला रामराम ठोकून दुसरं करिअर सुरू करू शकतो. कुस्तीगिराला जायला दुसरं घर नाही.

ते घर बांधायचा प्रयत्न झाला होता. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेली प्रो रेसलिंग लीग २०१९ नंतर थांबली आणि जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पण ती मॅटवरची आहे आणि वर्षातले मोजके दिवस चालते. एका मोसमात पैलवानाचं वर्ष निघत नाही.

पाडव्यानंतर गावोगावच्या यात्रा सुरू होतात. हगाम्याच्या पोस्टरवर पैलवानाच्या फोटोखाली ‘महाराष्ट्र केसरी’ एवढंच मावतं. कोणत्या संघटनेचा, हे छापायला जागा नसते आणि वर्गणी देणारा गावकरी ते विचारतही नाही. विचारतो तो फक्त नोकरीचा अर्ज तपासणारा कारकून.