नकाशातल्या आरक्षणावर आपण गप्प का?

आरक्षण हा शब्द ऐकला की आपण जागे होतो. नोकरीतल्या जागा कमी झाल्या, बढतीतला कोटा अडवला, शिष्यवृत्ती थकली की रात्रीत पत्रक निघते, सकाळी निवेदन जाते. हे व्हायलाच हवे. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ महापालिकेच्या नगररचना विभागात रोज वापरला जातो आणि तिथे आपला आवाज जवळजवळ शून्य आहे. शाळेसाठी आरक्षण, खेळाच्या मैदानासाठी आरक्षण, दवाखान्यासाठी, ग्रंथालयासाठी, बेघरांच्या घरांसाठी आरक्षण. शहराच्या नकाशावर हे रंगीत ठिपके असतात. ते कधी पडतात, कुठे सरकतात, कोण उठवतो, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

गंमत अशी की ज्यांना नोकरीतल्या आरक्षणाने पोटशूळ उठतो, त्यांना भूखंडावरचे आरक्षण बारकाईने वाचता येते. त्यांचे वकील आहेत, वास्तुविशारद आहेत, बिल्डरशी बसणे-उठणे आहे. नकाशा निघाला की आठवडाभरात त्यांची हरकत तयार असते. आपल्याकडे नकाशा पोहोचतो तो थेट बुलडोझरसोबत.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रत्येक शहराचा विकास आराखडा करावा लागतो आणि साधारण वीस वर्षांनी तो सुधारावा लागतो. कलम २५ प्रमाणे आधी आजच्या जमीन वापराचे सर्वेक्षण आणि नकाशा. मग कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध करायचा आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवायच्या. मुदत तीस दिवस, दहा लाखांवरच्या महापालिकेत साठ. कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी. शेवटी राज्य सरकारची मंजुरी. मधल्या काळात एखाद्या भागाचा झोन किंवा आरक्षण बदलायचे तर कलम ३७, त्यातही नोटीस आणि हरकती. हरकत कोणीही घेऊ शकतो. त्यासाठी सातबारा लागत नाही की प्रॉपर्टी कार्ड. भाड्याने राहणारा, झोपडीत राहणारा, त्या रस्त्याने शाळेत जाणारी मुलगी, सगळे त्या 'कोणीही'मध्ये येतात.

कागदावर हे असे आहे. आता आम्ही पाहिलेले सांगतो.

आम्ही राहतो त्या शहराचा प्रारूप आराखडा आला तेव्हा त्याची जाहिरात वर्तमानपत्रात आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात होती. नकाशा महापालिकेच्या मुख्य इमारतीत, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत पाहायचा. आमच्या वस्तीतली माणसे त्या वेळेत बांधकामावर, कचऱ्याच्या गाडीवर, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असतात. आमच्यातल्या दोघांनी सुट्टी टाकली, रोज बुडवला, आणि नकाशा पाहिला. आमच्या वस्तीच्या मधून अठरा मीटरचा रस्ता गेला होता. रेघ बुद्ध विहारावरून आणि त्याला लागून असलेल्या अभ्यासिकेवरून. तोच रस्ता नाल्यापलीकडच्या मोठ्या गृहप्रकल्पाजवळ आला की हळूच वळत होता, पाहुण्याने चपला काढून कडेने जावे तसा.

आम्ही १४० हरकती लिहिल्या. सुनावणीला सकाळी अकराला बोलावले, नंबर तीन वाजता आला. वेळ मिळाला दोन मिनिटे. समोरच्या साहेबांचा पहिला प्रश्न: जागा तुमच्या नावावर आहे का? आम्ही कायद्याची प्रत पुढे केली. मग साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. आजच्या वापराच्या नकाशात इथे विहार किंवा अभ्यासिका असल्याची नोंदच नाही, मग आम्ही काय वाचवायचे?

विहाराचे वीजबिल होते, फोटो होते, जुन्या जयंतीच्या परवानग्या होत्या. त्यावर विहार वाचले, रस्ता बारा मीटरचा झाला. अभ्यासिकेची वीज शेजारच्या घरातून घेतलेली होती. तिच्या नावाचा एकही कागद नव्हता. ती रेघेखाली गेली. तिथे बसून आमच्या वस्तीतली पोरे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. चूक फक्त महापालिकेची म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वीस वर्षे आम्ही त्या अभ्यासिकेत वर्गणी काढून पंखे बसवले, पण तिच्या नावाने एक मीटर घेतला नाही, हेही तितकेच खरे.

वस्त्या नकाशात कोऱ्या ठेवण्याची ही खोड फक्त आमच्या शहराची नाही. मुंबईचे उदाहरण सगळ्यांसमोर आहे. २०१४-३४ च्या आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. काही भागांत आठपर्यंत एफएसआय, आरेच्या जागेवर विकास, असल्या तरतुदींवर गदारोळ झाला. हजारो हरकती गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ते प्रारूप बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. म्हणजे हरकतींनी देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेचा आराखडा दोन महिन्यांत मागे घ्यायला लावला. 'हरकतींनी काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण वर्तमानपत्रांत जास्त कोणाचा आवाज आला? वारसा इमारती, चर्च, गावठाणे, झाडे, जुन्या सोसायट्या. त्यांच्या हरकती चुकीच्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. आरेचे जंगल आपलेही आहे. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे ज्या शहरातले सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात, त्या शहराच्या नकाशात झोपडपट्ट्यांच्या आतल्या अंगणवाड्या, दवाखाने, शौचालये, बाजार नीट नोंदलेच नाहीत, हा आक्षेप काही संघटनांनी कंठशोष करून मांडला, तेव्हा तो किती पानांवर छापून आला? वस्ती म्हणजे एक डाग, आणि त्या डागाचे काय करायचे ते पुनर्वसन योजना पाहील, असा एकूण सूर. नकाशात कोरी असलेली जागा बिल्डरला मोकळी दिसते, यात नवल काय.

देवनारचे पाहा. जवळपास शंभर वर्षे शहराचा कचरा तिथे पडतो. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात तो एम-पूर्व विभाग सर्वात तळाला होता. कचराभूमी शेजारी ठेवायची की उद्यान, हा निर्णय कोणी तरी कधी तरी एका नकाशावर घेतलेला असतो. गावात महारवाडा कोणत्या दिशेला असावा हे परंपरेने ठरायचे. शहरात तेच काम झोन करतो, आणि झोनवर जात लिहिलेली नसते.

खेड्याबद्दल बाबासाहेबांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला काय मत मांडले ते आपण अभिमानाने सांगतो. आपले आजोबा गाव सोडून शहरात आले. पण शहरातही गावकुसाबाहेरच राहायचे असेल तर आलो कशाला?

आता आपल्याच मित्रांशी भांडण. हरकतींचा विषय काढला की काही जण हसतात. "सगळे आधीच मॅनेज असते. नगररचनाकार, नगरसेवक, बिल्डर एका ताटात जेवतात. अर्ज-बिर्ज कसले करता? रस्त्यावर या." आम्ही रस्त्यावर येतोच. पण अर्जाला हसणाऱ्यांनी चळवळीचा इतिहास पुन्हा वाचावा. २७ जानेवारी १९१९ ला बाबासाहेब साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सायमन कमिशनला निवेदन दिले. साक्षी आणि निवेदने काय होती? हरकती आणि सूचनाच होत्या. समोरचे सरकार परके आणि आपल्या बाजूचे नाही हे माहीत असून दिलेल्या, आकडे आणि पुरावे लावून.

आणि महाड. तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. कागद होता, पाणी मिळत नव्हते. मार्च १९२७ मध्ये सत्याग्रह झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला. मग कोर्ट. मुंबई उच्च न्यायालयात निकाल लागला १९३७ मध्ये. दहा वर्षे. बाबासाहेबांनी रस्ता सोडला नाही आणि कागदही सोडला नाही. आपण मात्र दोन्हीतले एकच निवडायला बसलो आहोत.

अर्थात, व्यवस्था साळसूद आहे असे समजण्याचा भोळेपणा आम्ही करणार नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढची तीनहून अधिक वर्षे तिथे प्रशासक बसले. याच काळात, २०२५ मध्ये, पिंपरी-चिंचवडचे प्रारूप प्रसिद्ध झाले. कायद्याने नियोजन समितीत स्थायी समितीचे सदस्य हवेत. सभागृहच नाही तर ते आणणार कुठून? अनुसूचित जातींसाठी राखीव प्रभागातून निवडून आलेला आपला नगरसेवक, तो कसाही असो, नकाशा काढला जात असताना खुर्चीवर नव्हता. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पहिलाच विषय नगरनियोजनाचा आहे. ७४ वी घटनादुरुस्ती करून जे शहराच्या सभागृहाला दिले, ते निवडणूक लांबवून काढून घेता येते, हे आपल्या डोळ्यांदेखत झाले. शिवाय कलम ३७ (१अअ) आहेच. त्याने सरकार स्वतःच नियमात बदल करू शकते, आणि लोकांना बोलण्याची संधी म्हणून एक जाहिरात आणि ठरावीक दिवस.

म्हणून मागण्या नेमक्या ठेवू. प्रत्येक प्रभागात, वस्तीच्या समाजमंदिरात, रविवारी आणि संध्याकाळी नकाशा लावा. अहवाल आणि नियम मराठीत द्या, कलमांच्या जंगलात नव्हे, बोलीत समजेल असे. सुनावणी वस्तीजवळ घ्या. हरकत फेटाळली तर कारण लेखी द्या. आणि सर्वात आधी, वापराचा नकाशा वस्तीच्या सह्यांशिवाय अंतिम करू नका. प्रारूप येईपर्यंत थांबलो तर आपण अर्धी लढाई हरलेलो असतो.

काही कामे मात्र कोणाकडे मागायची नाहीत. आमच्या भागातल्या तरुणांनी सुरुवात केली आहे. मोबाईलवर जागेचा फोटो, तारखेसह. विहार, अभ्यासिका, अंगणवाडी, सार्वजनिक नळ, शौचालय, मैदान म्हणून वापरली जाणारी मोकळी जागा, सगळ्यांची वही. प्रत्येकाच्या नावाने किमान एक सरकारी कागद. पंचाहत्तर नोंदी झाल्या, सोळांकडे एकही कागद सापडला नाही. त्या सोळांपैकी चार अभ्यासिका आहेत. येत्या रविवारी दुपारी चार वाजता त्या चारांच्या वीजमीटरचे अर्ज विहारात बसून भरायचे आहेत. ज्यांना अर्ज भरता येतो त्यांनी पेन घेऊन यावे.

जय भीम.